विडीकाडीचा हिशेब

मराठीत 'विडीकाडी' असा एक जोडशब्द आहे. घरखर्चाचा विषय निघाला की 'चहापाणी आणि विडीकाडी यांत जातात थोडेफार' असे वाक्य सहज ऐकू येते. हा खर्च किरकोळ आहे, तो हिशेबात धरायचा नसतो, असा एक समज या शब्दात मुरून गेला आहे. मोलमजुरी करणाऱ्या घरात धान्य, तेल, मुलाची फी, औषधपाणी यांची बेरीज तोंडपाठ असते. विडीकाडीची बेरीज मात्र सहसा कोणी करीत नाही. ही बेरीज एकदा करून पाहावी आणि तिच्यामागे असलेली कारणपरंपरा समजून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विषयावर दोन तयार मते आपल्याला सर्वत्र भेटतात. 'गरीब लोक व्यसनात पैसा घालवतात, म्हणून ते गरीब राहतात,' हे पहिले मत. 'बिचाऱ्याला दिवसभराच्या कष्टांत दुसरा विरंगुळा कोणता? ओढू द्या त्याला,' हे दुसरे. पहिल्यात तुच्छता आहे, दुसऱ्यात दया आहे. परंतु दोन्ही मतांत विचार थोडाच आहे. निफाड ही न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची जन्मभूमी (१८ जानेवारी १८४२). शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाकडे केवळ त्याच्या सवयींचा दोष म्हणून न पाहता सारा, पतपुरवठा व बाजार यांच्या संदर्भात पाहावे, ही दृष्टी त्यांच्या पिढीच्या अर्थचिंतनाने आपल्याला दिली. तीच दृष्टी विडीच्या प्रश्नाला लावून पाहण्यास हरकत नसावी.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारने २०१६-१७ मध्ये केलेल्या प्रौढांच्या तंबाखू सेवनाच्या पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेतात असे आढळले. २००९-१० च्या पाहणीत हे प्रमाण ३१.४ टक्के होते, म्हणजे ते उतरले आहे. यांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते आणि तंबाखू-चुना, मिश्री, खर्रा अशा रूपाने धुराविना तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्यात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी अधिक आहेत.

मग विडीचाच प्रश्न का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, भारतात धूम्रपान करणाऱ्यांत सिगारेटपेक्षा विडी ओढणारे अधिक आहेत. त्याच पाहणीत देशभरातील प्रौढांपैकी ७.७ टक्के विडी ओढणारे व ४ टक्के सिगारेट ओढणारे निघाले. विडी ही मुख्यतः अंगमेहनत करणाऱ्याची वस्तू आहे. नोकरदाराने सिगारेट ओढली तर त्याच्या आरोग्याचे नुकसान होते, पण घरची चूल सहसा विझत नाही. हमालाची, शेतमजुराची, गवंड्याच्या हाताखालच्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. येथे आरोग्याच्या आधी पैशाचा प्रश्न उभा राहतो. विडीबाबत पुढे मांडलेला बराचसा हिशेब तंबाखूच्या पुडीलाही लागू पडतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

एका बंडलाची बेरीज

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. समजा, एक मजूर दिवसाला विडीचे एक बंडल ओढतो. बंडलाची किंमत २० रुपये धरू. काडेपेटीची किंमत डिसेंबर २०२१ मध्ये एक रुपयावरून दोन रुपये झाली. टेंभुर्णीच्या पानाची विडी सारखी विझते व पुन्हा पेटवावी लागते, म्हणून एक काडेपेटी दोन दिवस पुरते असे मानू. म्हणजे रोजचा खर्च २१ रुपये, महिन्याचा ६३० रुपये आणि वर्षाचा ७,६६५ रुपये.

हा आकडा मोठा की लहान? ते कोणाच्या खिशातून जातो त्यावर ठरते. रोजंदारी ४०० रुपये धरली तर ७,६६५ रुपये म्हणजे एकोणीस दिवसांहून थोडी अधिक मजुरी. त्याच घरातील बाईची रोजंदारी ३०० रुपये असेल तर तिच्या साडेपंचवीस दिवसांच्या कष्टांइतकी ही रक्कम होते. गॅसचा सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर वर्षाला आठ सिलिंडर येऊन वर काही उरते. रोजच्या २१ रुपयांत पाव लिटरहून अधिक दूध येते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मजुराला वर्षाचे ३६५ दिवस काम नसते. वर्षातून २०० दिवस काम मिळाले असे धरले तर त्याची कमाई ८०,००० रुपये होते आणि त्यातील साडेनऊ टक्क्यांहून अधिक भाग विडीकाडीत जातो. सोप्या भाषेत सांगावयाचे तर दर दहा रुपयांतला जवळजवळ एक रुपया. काम २०० दिवस असते, पण विडी ३६५ दिवस लागते. या दोन आकड्यांतील तफावतीतच ओढाताणीचे बीज आहे.

उपरोक्त सरकारी पाहणीत रोज विडी ओढणाऱ्याचा सरासरी मासिक खर्च २८४ रुपये, तर सिगारेट ओढणाऱ्याचा ११९२ रुपये निघाला होता. नुसत्या रकमा पाहिल्या तर विडीवाला काटकसरी वाटतो. परंतु खर्चाचे ओझे रकमेने मोजायचे नसते, मिळकतीच्या प्रमाणाने मोजायचे असते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

निफाडचा हंगाम आणि रिकामे दिवस

आपल्या तालुक्यात मजुरीचे वर्ष कसे चालते ते पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. ऑक्टोबरच्या सुमारास द्राक्षबागांची छाटणी सुरू होते. तिच्यामागून विरळणी, डिपिंग अशी कामे येतात. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड, मग द्राक्षांची तोड, गव्हाची सोंगणी आणि मार्च-एप्रिलमध्ये कांद्याची काढणी. या दिवसांत माणूस मिळत नाही. सुरगाणा, पेठ या भागांतून मजुरांच्या टोळ्या येतात, काही जण उचल घेऊन येतात. नंतर काम विरळ होते. पाऊस लांबला, अवकाळी आली, गारपीट झाली की हाती आलेले कामही जाते.

बाजार समितीतल्या हमालाचे व मापाऱ्याचेही असेच असते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, तेव्हा लासलगावसह जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातबंदी आली आणि लिलाव पुन्हा थांबले. अशा वेळी शेतकऱ्याच्या नुकसानीची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण ज्याच्या पाठीवरून गोणी हलली नाही त्याला त्या दिवशी मजुरीच नसते.

रिकाम्या दिवशी माणूस खर्च कमी करतो. भाजी टळते, चहात दूध कमी पडते, मुलाची वही पुढच्या आठवड्यावर जाते. विडी मात्र कमी होत नाही. उलट हाताला काम नाही आणि डोक्याला घोर आहे, म्हणून ती वाढते. पैसे नसले तर टपरीवर किंवा किराणा दुकानात उधारीच्या वहीत नाव चढते. विडीची उधारी धान्याच्या उधारीत मिसळून जाते आणि महिनाअखेर 'किराण्याचे इतके झाले' एवढेच घरात कळते. अशा रीतीने हा खर्च घरच्या बाईच्या नजरेआड राहतो आणि पुष्कळदा ओढणाऱ्याच्या स्वतःच्याही.

सुट्या विड्या घेण्याची पद्धत या नजरेआडपणाला मदत करते. दोन रुपयांच्या, पाच रुपयांच्या खरेदीला कोणी खर्च म्हणत नाही. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विड्या-सिगारेटी विकण्यास बंदी केली. पाकिटावरील धोक्याचे चित्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे यावे, हा त्यामागचा हेतू होता. या बंदीला अर्थशास्त्रीय बाजूही आहे. पूर्ण बंडलाची किंमत एकरकमी मोजताना माणूस क्षणभर तरी थबकतो. सुट्या विडीला तो थबकत नाही.

दुय्यम दारिद्र्य

सीबोम रौंट्री याने १८९९ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क शहरातील कामगारांच्या घरांची पाहणी केली. ती १९०१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तीत त्याने दारिद्र्याचे दोन प्रकार केले. सगळी मिळकत जपून वापरली तरी शरीर धडधाकट ठेवण्याइतक्याही गरजा भागत नाहीत, ते प्राथमिक दारिद्र्य. मिळकत जेमतेम पुरेशी आहे, पण तिचा काही भाग दुसरीकडे वळल्यामुळे गरजा अपुऱ्या राहतात, ते दुय्यम दारिद्र्य. हा वळलेला पैसा दारूत, जुगारात जाऊ शकतो, तसाच एखाद्या उपयुक्त गोष्टीतही जाऊ शकतो. दुय्यम दारिद्र्याची कारणे सांगताना ही व्यसने कामगारांच्या हलाखीच्या परिस्थितीतूनही निपजतात, हे सांगण्यास रौंट्री विसरला नाही.

आपल्याकडे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' या अभ्यासात माणशी रोज २,२५० उष्मांक मिळवून देणारी खर्चाची पातळी ही दारिद्र्याची सीमा मानली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरी भागात साडेबावीस रुपये अशी निघाली. अशा रेषेत कुटुंबाचा एकूण उपभोग-खर्च धरला जातो. आता विडीवरचा रुपया हाही उपभोग-खर्चच. तो कागदोपत्री घराला दारिद्र्यरेषेच्या वर उचलून धरतो, पण त्यातून पोटात एक उष्मांकही जात नाही.

हाच धागा पकडून रिजो जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक हिशेब प्रसिद्ध केला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००४-०५ च्या आकड्यांतून त्यांनी प्रत्येक घराचा तंबाखूवरील खर्च आणि तंबाखूमुळे झालेल्या आजारांचा खर्च वजा केला. तेव्हा देशात सुमारे दीड कोटी माणसे अधिक गरीब ठरली. ती रेषेच्या वर उभी दिसत होती. त्यांच्या पायाखाली धूर होता.

याच अभ्यासकाने २००८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. तंबाखू घेणारी घरे आणि न घेणारी घरे यांची तुलना केली असता तंबाखूच्या घरांत दूध, शिक्षण, स्वच्छ इंधन अशा गोष्टींवर कमी खर्च होताना आढळला. याचा अर्थ विडीचा पैसा हवेतून येत नाही. तो कोणाच्या तरी ताटातून, कोणाच्या तरी दप्तरातून आणि चुलीपुढे बसणाऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांतून येतो. विडी बाप ओढतो आणि तिची किंमत बहुधा दुसरेच कोणीतरी देते.

मग तो सोडत का नाही?

हा प्रश्न रास्त आहे, आणि येथेच उपदेशकाचा पाय घसरतो. मजुराला हिशेब कळत नाही, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक पै-पैचा हिशेब त्याच्याइतका कोणाला कळतो? अडचण निराळीच आहे.

तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य धुराबरोबर फुप्फुसात जाते आणि काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे ते सुखद संवेदना जागवते. परंतु साधारण दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मग मन बेचैन होते, चिडचिड वाढते, कामात लक्ष लागत नाही. पुढची विडी ओढली की ही बेचैनी थांबते. माणसाला वाटते, विडीने माझा ताण घालवला. वस्तुतः विडीने मागच्या विडीने निर्माण केलेला ताणच घालवलेला असतो. सावकाराचे व्याज फेडण्यासाठी त्याच सावकाराकडून पुन्हा कर्ज काढावे, तसा हा प्रकार आहे.

ज्याच्या डोक्यावर आधीच देण्याघेण्याचा भार आहे त्याला हे दोन ताण वेगळे ओळखता येत नाहीत. बचत गटाचा हप्ता, दुकानदाराचा तगादा, मुलीचे दुखणे यांनी आलेली काळजी आणि निकोटीन उतरल्याने आलेली बेचैनी एकमेकींत मिसळतात. दोन्हींवर त्याला एकच उपाय ठाऊक असतो. म्हणून पैशाची ओढाताण विडी वाढवते आणि विडी पैशाची ओढाताण वाढवते. हे चक्र ज्याच्या ध्यानी आले तो 'व्यसनामुळे गरिबी' असेही म्हणणार नाही आणि 'गरिबीमुळे व्यसन' एवढ्यावरही थांबणार नाही.

याविषयी परदेशांत बरेच संशोधन झाले आहे. तमिळनाडूतील ऊस उत्पादकांवर झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे सांगण्याजोगा आहे. ऊस तुटून पैसे हाती येण्यापूर्वीच्या दिवसांत आणि पैसे आल्यानंतर त्याच शेतकऱ्यांच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या. पैशाच्या चणचणीच्या दिवसांत त्यांची कामगिरी कमी भरली. माणूस तोच, बुद्धी तीच. पण काळजीने डोक्यातील जागा अडवलेली. विडी सोडायला मनाची जी ताकद लागते तीच चणचणीने खर्ची पडलेली असते.

ऑस्ट्रेलियातील कुटुंबांच्या पाहणीच्या आधारे मोहम्मद सियाहपुश व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जे लिहिले ते आशादायक आहे. धूम्रपान सोडलेल्या लोकांत पुढील काळात आर्थिक ताण कमी झालेला आढळला. बिल वेळेवर न भरता येणे, वस्तू गहाण टाकणे, जेवण टाळावे लागणे अशा गोष्टींवरून हा ताण मोजतात. देश वेगळा असला तरी तात्पर्य आपल्या कामाचे आहे: चक्र जसे एका दिशेने फिरते तसे ते उलटही फिरू शकते.

थंडीविषयी एक समजूत आपल्याकडे पक्की आहे, तिचाही येथे विचार करू. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही खाली उतरतो. पहाटे बागेत किंवा मळ्यात पाणी भरायला गेलेला माणूस 'विडीने ऊब येते' म्हणतो. प्रत्यक्षात निकोटीनने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व हातपाय अधिक गार पडतात. ऊब येते ती काडीच्या जाळाची, आणि शेजारी येऊन बसलेल्या सोबत्याची. ही सोबत खरी आहे. कामावर मधली सुटी मागायला 'विडी ओढून येतो' हे एकच सर्वमान्य कारण असते. विडी न ओढणाऱ्याला बसायला निमित्तच नसते. विडीच्या टिकाऊपणात या विसाव्याचाही वाटा आहे.

विडी स्वस्त कोणामुळे?

विडी स्वस्त असते म्हणून गरीब ती घेतो. पण ती स्वस्त का असते? याचे उत्तर शोधायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. शेजारचे सिन्नर हे विडीधंद्याचे जुने केंद्र आहे. संगमनेर, अहिल्यानगर, सोलापूर, कामठी, गोंदिया ही महाराष्ट्रातील इतर केंद्रे. पान विदर्भाच्या आणि मध्य भारताच्या जंगलांतून येते, तंबाखू गुजरातच्या चरोतर भागातून व निपाणीच्या परिसरातून येते, आणि विडी वळतात त्या बहुतांशी स्त्रिया, घरी बसून, हजारी मजुरीवर. देशात नोंद झालेले विडी कामगार सुमारे ५० लाख आहेत.

या मजुरीचा इतिहास संघर्षाचा आहे. या भागातील विडी कामगारांच्या किमान वेतनाचा वाद १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९७६ मध्ये विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभारण्यात आला. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. पुढे २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि विडीवरील तो उपकर संपला. नोव्हेंबर २०२५ मध्ये १९६६ चा कायदाही नव्या श्रमसंहितांत विलीन झाला.

तात्पर्य, विडी स्वस्त राहते ती वळणाऱ्या बाईच्या अल्प मजुरीमुळे आणि करातील सवलतीमुळे. जुलै २०१७ पासून विडीवर २८ टक्के कर लागला, पण सिगारेटवर असलेला अधिभार तिच्यावर नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेटसाठी ४० टक्के आणि विडीसाठी १८ टक्के असा दर ठरवला. कराचा दर २८ टक्के असताना विक्रीच्या किमतीत कराचा वाटा सुमारे २२ टक्के पडतो, १८ टक्के असताना तो सुमारे १५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हा वाटा निदान ७५ टक्के असावा.

विडीवरचा कर वाढवला तर वळणाऱ्या स्त्रियांचे काय, असा प्रश्न येतो. तो खोटा नाही. परंतु त्या स्त्रीच्या नावाने मिळालेली सवलत तिच्या मजुरीत किती उतरते, हेही विचारले पाहिजे. एका गरिबाला अल्प मजुरी देऊन केलेली वस्तू दुसऱ्या गरिबाला स्वस्तात विकायची आणि या व्यवहाराला गरिबांचे हित म्हणायचे, हे तर्काला धरून नाही. तिला दुसरे काम, शिलाई असो, अन्नप्रक्रिया असो, मिळवून देणे हाच सरळ मार्ग आहे.

दुखण्याचा खर्च

आतापर्यंत आपण फक्त बंडलाचा हिशेब केला. मोठा खर्च पुढे येतो. प्रभात झा यांच्या नेतृत्वाखाली भारतात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी, तर विडी ओढणाऱ्या स्त्रीचे आठ वर्षांनी घटते. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा पुष्कळ कमी असते, म्हणून ती सौम्य असेल ही समजूत चुकीची आहे. ती विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि खोल घ्यावे लागतात, त्यामुळे विषारी द्रव्ये कमी जात नाहीत. क्षय, दमा, हृदयविकार आणि कर्करोग हे तिचे सोबती आहेत.

क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अनेक शस्त्रक्रिया होतात. ही मदत मोलाची आहे. परंतु बुडालेली मजुरी, नाशिकच्या खेपा, सोबत जाणाऱ्या माणसाचा खाडा यांची भरपाई कोणतीही योजना देत नाही. अंगमेहनतीवर जगणाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याचा श्वास. दम लागू लागला की आधी गोणी सुटते, मग खुरपे सुटते. कमावता माणूस चाळिशी-पन्नाशीत बसला की मुलाचे शिक्षण थांबते, आणि दारिद्र्य एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

काय करता येईल?

आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मीठ आणि तंबाखू ही कमी लवचीक मागणीची ठरलेली उदाहरणे असतात. किंमत वाढली तरी मागणी फारशी घटत नाही, असे आपण परीक्षेत लिहितो. हे सरासरीविषयी खरे आहे. मिळकत जितकी कमी तितका किमतीचा परिणाम अधिक होतो, असे अनेक देशांतील अनुभव सांगतात. कर वाढला की श्रीमंत ओढतच राहतो. गरिबांपैकी बरेच जण कमी करतात किंवा सोडतात, आणि पोरे लागत नाहीत. पण जो सोडू शकत नाही त्याच्या घरावर हा कर दुहेरी बसतो. काही जण विडी टाकून स्वस्त तंबाखूच्या पुडीकडे वळतात. म्हणून नुसता कर पुरेसा नाही. कराच्या पैशातून सोडण्यासाठी मदत मिळाली तर कर न्याय्य ठरेल.

अशी मदत थोडीफार उपलब्ध आहे, पण ज्याला हवी त्याला ती ठाऊक नसते. १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक २०१६ पासून तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी माणूस मानावे, हा विचार महाराष्ट्रात रुजवला. सोडताना पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत कठीण जातात. ते दिवस कामाच्या व पगाराच्या हंगामात येतील असे पाहिले तर निभावणे सोपे जाते. चणचणीच्या महिन्यात सोडायला सांगणे म्हणजे चढणीवर बैल जुंपण्यासारखे आहे.

मित्रहो, आपणही काही करू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यासोबत ज्या घरांची तयारी असेल तेथे बसून महिन्याची खर्चाची वही लिहायला मदत करावी, आणि तीत विडी-तंबाखूला एक स्वतंत्र रकाना ठेवावा. उपदेश करू नये. महिनाअखेर बेरीज त्या माणसाने स्वतःच मोठ्याने वाचावी. उधारीच्या वहीत धान्य आणि विडी वेगवेगळी लिहा, एवढी विनंती दुकानदाराला करावी. सोडणाऱ्याने वाचवलेले रोजचे वीस-एकवीस रुपये डब्यात न ठेवता पोस्टाच्या किंवा बँकेच्या खात्यात, तेही घरच्या बाईच्या नावाने पडावेत. वाचलेला पैसा डोळ्यांना दिसला नाही तर तो दुसऱ्या वाटेने जातो.

आणि कामावरच्या विसाव्याचे काय? बागमालकांची मुले आपल्याच वर्गात आहेत. दहा मिनिटांची सुटी विडी न ओढणाऱ्यालाही हक्काने मिळावी, पाणी-चहा मिळावा, एवढे तरी ते घरी सांगू शकतील. त्याला खर्च येत नाही. यंदाच्या छाटणीपासून एवढे जरी दहा बागांत सुरू झाले, तरी या लेखाचे काम झाले असे म्हणता येईल.